पितळी नळ आणि शेवटचं घर

मी नोकरीत काय करत होते असं कुणी विचारलं की मी 'पाणी खात्यात होते' एवढंच सांगते. त्यावर लोक लगेच म्हणतात, मग आमच्याकडे पाणी कमी का येतं? त्यामुळे पुढे बोलणं नको वाटतं. यंदा आमच्या महिला मंडळाच्या सुलभाताईंनी दिवाळीच्या हस्तलिखितासाठी कामाबद्दल चार पानं मागितली. मी नाही म्हटलं आणि घरी येऊन वही काढली. त्यांना ती देईन की नाही, अजून ठरलेलं नाही. पण लिहायचं तर जे झालं ते सगळं लिहायचं, एवढं ठरवलं आहे.

माझे यजमान पाइप दुरुस्तीच्या टोळीत होते. नोकरीत असतानाच ते आजाराने गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण चौथी, म्हणून कामगार. पहिली काही वर्षं मी वॉर्ड ऑफिसमध्ये झाडलोट केली, टेबलांवर पाणी भरून ठेवलं, फायली इकडून तिकडे नेल्या. मग पाण्याच्या नमुन्यांची पेटी सांभाळणारे गृहस्थ रिटायर झाले. ते काम कुणालाच नको होतं, कारण उन्हात फिरायचं आणि अनोळखी लोकांची दारं वाजवायची. मला तर दुकानात मीठ मागायचीसुद्धा भीड पडायची. पण मला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. आज वाटतं, विचारलं नाही ते बरं झालं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

शहराला पाणी देणं हे एक काम आणि दिलेलं पाणी चांगलं आहे का हे बघत राहणं हे दुसरं. पहिल्या कामाला मोठे पाइप, पंप आणि शेकडो माणसं लागतात. दुसरं काम बरंचसं एका बर्फाच्या पेटीवर चालतं. पेटीत काचेच्या बाटल्या असतात. त्या लॅबमधून जंतू मारून येतात, तोंडावर खाकी कागद बांधलेला असतो. नळ असा निवडायचा की तो थेट रस्त्याच्या लाइनवर असेल. टाकीचं पाणी चालत नाही. नळ पुसायचा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, मग बंद करायचा. चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून पेटवायचा आणि नळाचं तोंड शेकायचं, म्हणजे नळावरचे जंतू बाटलीत जात नाहीत. मग पुन्हा पाणी सोडून, कुठेही हात न लावता बाटली भरायची, कागद बांधायचा, चिठ्ठी लावायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी लॅबला पोचवायची. त्याशिवाय एक छोटी काचेची नळी असते. तिच्यात पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारणारं औषध शिल्लक आहे असं समजायचं. पिवळं झालं नाही तर मध्येच कुठेतरी घाण शिरून औषध खाऊन टाकते आहे.

लॅबमधून कागद येतो. त्यावर 'पिण्यास योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच महत्त्वाचं. अयोग्य आलं की साहेबांचा फोन थांबत नाही.

लोक तऱ्हेतऱ्हेचे भेटले. विलेपार्ल्याला एक निवृत्त आजोबा होते. मी नळ सोडला की ते हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहायचे. मी बंद करायला गेले की म्हणायचे, "बाई, अजून वीस सेकंद." पहिल्यांदा मला अपमान वाटला. पुढे त्यांच्यामुळेच मनात आकडे मोजायची सवय लागली. एक बाई होत्या, त्या प्रत्येक वेळी फिल्टरचं पाणी तांब्यात घेऊन दारात हजर. "अहो, हे न्या, चांगलं पाणी न्या. घाण कशाला नेता?" त्यांना समजावता समजावता मी जरा बोलायला शिकले.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर सावंत मालवणकडचे. त्यांनी एकदा बाजारात सुरमई स्वस्त मिळाली म्हणून ती माझ्या पेटीत बर्फावर ठेवली. लॅबच्या मॅडमनी झाकण उघडलं आणि विचारलं, "हा नमुना कुठल्या समुद्रातला?" मी खाली मान घालून उभी. सावंत मात्र म्हणाले, "बर्फ सरकारी, मासो माझो." मॅडम हसल्या, पण ती सगळी खेप त्यांनी परत पाठवली. आम्हाला सगळी दारं पुन्हा वाजवावी लागली.

आता एका गल्लीबद्दल लिहिते.

अंधेरी पूर्वेला एक जुनं गावठाण आहे. तोंडाशी कौलारू घरं, तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी ख्रिस्ती माणसं. मागच्या बाजूला पुढे बांधलेल्या खोल्या, त्यात आपल्याकडची सगळ्या गावांची माणसं. गल्ली एकच, पाण्याची लाइन एकच. पहिलं घर फिलोमिना आंटींचं. त्यांच्या अंगणात एक पितळी नळ होता. त्या तो चिंचेने घासायच्या, त्यामुळे तो कायम नवा दिसायचा.

पितळी नळाचं महत्त्व असं की तो शेकता येतो. आत सगळीकडे प्लॅस्टिकचे नळ. त्यांना ज्योत दाखवली की तोंड वितळून वाकडं होतं आणि मग त्या घरची बाई आपल्यावर ओरडते. एका घरी माझ्याकडून तसं झालंही होतं. प्लॅस्टिकचा नळ असेल तर तो पान्याने काढून मागचा लोखंडी पाइप शेकायचा असतो. त्यासाठी पाना न्यायचा, घरच्या माणसांना समजावायचं, नळ पुन्हा नीट बसवायचा. आंटींकडे यातलं काहीच नव्हतं. मी फाटकाशी आले की त्या म्हणायच्या, "ये गं, बस. पाणी यायला अजून टाइम हाय." खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या, नाताळात फुगिया, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, बांधून द्यायच्या. कोण तुम्ही, आयकार्ड दाखवा, असं त्या घरात कधी ऐकावं लागलं नाही.

नियम असा होता की दर वेळी वेगळ्या घरून नमुना घ्यायचा आणि लाइनीच्या शेवटच्या घराचा अधूनमधून घ्यायचाच. हा नियम मला माहीत होता. मला नमुने घ्यायला शिकवणाऱ्या लॅबच्या मॅडमनी तो दोनदा सांगितला होता. तरी दोन वर्षं त्या गल्लीचा प्रत्येक नमुना मी आंटींच्या नळाचा घेतला. चिठ्ठीवर गल्लीचं नाव लिहायचं असे, घराचं नाही. त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. बाकीच्या गल्ल्यांमध्ये मी नियम पाळत होते. इथेच पाळला नाही, कारण इथे मला कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

एके दिवशी मी पेटीच्या वहीवर सही घ्यायला आमच्या इंजिनियर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचं नाव परुळेकर. टेबलासमोर आरोग्य खात्याच्या बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात कावीळ झालेल्यांची यादी होती. सगळी नावं त्याच गल्लीतली. साहेबांनी नमुन्यांचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "या गल्लीचे सगळे नमुने योग्य आहेत. दोन वर्षांत एक खराब नाही. पाण्याचा दोष नसणार. गाडीवरचं सरबत, बर्फाचा गोळा, असलं काहीतरी बघा."

बाई म्हणाल्या, "सर, शेवटच्या खोलीतली मुलगी सहा वर्षांची आहे, तन्वी. ती ॲडमिट आहे. तिची आई म्हणते, मुलगी बाहेरचं काही खात नाही."

साहेब म्हणाले, "आया असंच म्हणतात." आणि माझ्या वहीवर सही करून वही माझ्याकडे सरकवली.

मी वही घेतली आणि बाहेर आले.

गाडीत मी सावंतांना सगळं सांगितलं. ते गिअर टाकत म्हणाले, "कित्या बोलतंस? तुका कोणी इचारल्यान काय?"

मी म्हटलं, "ती पोरं तेच पाणी पितायत ना."

"मग पुढच्या वेळेक आतल्या घराचा घे. खराब इला तर साहेब खणतीत. तुझा नाव खंयच येवचा नाय."

पुढची वेळ पंधरा दिवसांनी होती. सावंत वाईट माणूस नव्हते. माझी मुलगी तेव्हा शिकत होती, घर माझ्या एकटीवर होतं, हे त्यांना माहीत होतं. ते माझंच भलं बघत होते. मीही घरी येऊन तसाच विचार केला. पंधरा दिवस म्हणजे काही फार नाही. पण मग सारखं मनात येत राहिलं की पंधरा दिवसांत किती हंडे भरतात.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळी मी एकटीच, ती काचेची नळी आणि औषधाची बाटली पर्समध्ये घालून तिथे गेले. आंटींच्या फाटकावरून मान खाली घालून पुढे निघाले. शेवटची खोली सुरेखाची, म्हणजे तन्वीच्या आईची. ती बादली लावून नळाशी बसली होती.

"कोण पाहिजे?"

"पाणी बघायचं होतं. ऑफिसमधून आले."

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही त्या बाटलीवाल्या ना? आज कसा रस्ता सापडला?"

मी वळून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"दर वेळी गाडी येते तुमची. आंटीकडे चहा पिता आणि जाता. आम्ही इथून बघतो. पोरगी हॉस्पिटलात पडली तेव्हा आलात."

पर्समधून काचेची नळी काढली. मी म्हटलं, "नळी भरून घेऊ का?"

"घ्या. आम्हाला काय, तेच पितोय."

मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी होतं तसं राहिलं. पुन्हा एकदा केलं. तसंच. सुरेखा माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "हे पिऊ नका. सगळ्यांना सांगा, उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका." एवढं मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नसेन. शेजारच्या दोघी दारात आल्या. येताना आंटींच्या अंगणात जाऊन त्यांच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं धम्मक.

ऑफिसला पोचले तेव्हा साहेब जेवायला उठत होते. मी दाराशी उभी राहिले. ते म्हणाले, "काय बाई, सही राहिली का?"

मी म्हटलं, "साहेब, त्या गल्लीचे नमुने खोटे आहेत."

ते पुन्हा बसले. "खोटे म्हणजे? पाणी दुसरीकडचं आहे?"

"पाणी तिथलंच. पण पहिल्या घराचं. नेहमी पहिल्याच घराचं. शेवटच्या घरी आज नळी पिवळी झाली नाही."

"किती वेळा पहिल्या घराचं?"

"सगळ्या वेळा."

"का?"

मला वाटलं होतं मी प्लॅस्टिकच्या नळाचं सांगेन. तोंडातून निघालं, "तिथे दार वाजवावं लागत नव्हतं."

साहेब माझ्यावर ओरडतील म्हणून मी पदर घट्ट धरून उभी होते. त्यांनी फोन उचलला. पहिला फोन लाइनीचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला केला आणि त्या गल्लीचं पाणी बंद करायला सांगितलं. दुसरा टँकरसाठी. तिसरा दुरुस्तीच्या टोळीला. मग आरोग्य खात्याच्या बाईंना फोन लावून म्हणाले, "काल मी जे बोललो ते चुकीचं होतं. पाणीच आहे." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर उच्चारलं, माझं नाव न घेता. फोन ठेवून मला म्हणाले, "रजिस्टरवर दोन वर्षं माझी सही आहे. कुठलं घर, हे मीसुद्धा कधी विचारलं नाही. पण तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

मी म्हटलं, "द्या."

"जेवलात?"

"नाही."

"जेवून घ्या. पाना घेऊन निघायचंय."

तपासापुरतं थोडा वेळ पाणी सोडायला लावून साहेब स्वतः आले. खाली बसून त्यांनी सुरेखाच्या घरचा प्लॅस्टिकचा नळ पान्याने काढला आणि पाइप कसा शेकायचा ते मला पुन्हा दाखवलं. शेवटच्या घरापासून पहिल्या घरापर्यंत आम्ही पाच बाटल्या भरल्या, त्यात एक आंटींच्या लगतच्या दुसऱ्या घराची. लॅबचा कागद आला तेव्हा आतल्या चारही अयोग्य, आंटींची एकटी योग्य. म्हणजे दोष पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मध्ये. तिथे लाइन गटाराखालून जाते. टोळीने खणलं तर जुना पाइप गंजून बोटभर भोक पडलेलं. माझे यजमान घरी सांगायचे की पाणी बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूचं काय असेल ते आत ओढून घेतो. इतकी वर्षं मी ते ऐकलं होतं आणि त्या गल्लीत विसरले होते.

टोळीने आंटींच्या घरापुढे लाइनीला बूच मारलं, म्हणून फक्त त्यांचा नळ चालू राहिला. खणकाम चालू होतं तेवढे दिवस आतली सगळी घरं टँकरवर होती आणि टँकर कमी पडला की आंटींच्या नळावर. त्यांच्या फाटकापासून रांग लागायची. एरवी त्यांच्या अंगणात आतलं कुणी पाऊल टाकत नसे. त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि पोरांवर ओरडायच्या, "ए, कुंडी पाडू नको. हळू भर."

मी आले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माझ्या नलाने घात केला गं."

मी म्हटलं, "नळाने नाही आंटी, मी केला."

"चा पी."

"नको."

"चा काय गुन्हेगार हाय? पी, मंग जा आत."

मी चहा उभ्यानेच प्यायले आणि आत गेले.

मेमो आला. त्याचं उत्तर सावंत लिहून देतो म्हणत होते. त्यात प्लॅस्टिकचे नळ, कमी माणसं, उन्हाचे दिवस असं सगळं असणार होतं. मी स्वतःच चार ओळी लिहिल्या. नियम माहीत होता, पाळला नाही, पुढे पाळीन. साहेबांनी तो कागद फाइलला लावला. मग चिठ्ठीचा नमुना बदलून घेतला. गल्लीच्या नावाखाली घर कुठलं आणि नळ कुठला अशा दोन रिकाम्या जागा वाढवल्या. मला मात्र पेटीवरून काढलं नाही. उलट म्हणाले, "आपल्या वॉर्डात प्रत्येक लाइनीचं शेवटचं घर कुठलं, याची यादी कुणाकडेच नाही. तुम्ही करा."

ती यादी करायला मला बरेच महिने लागले. शेवटची घरं सापडायला कठीण. कधी नाल्याच्या काठाला, कधी टेकडीवर, कधी दोन भिंतींच्या बोळात. तिथल्या लोकांना ऑफिसचं माणूस दारात बघायची सवय नसते. पहिल्या दहा-बारा दारांत माझा आवाज फुटत नव्हता. मग फुटला. रिटायर झाले तेव्हा ती यादी नकाशासारखी भिंतीवर लावलेली होती आणि आता म्हणे ती मोबाइलमध्ये आहे. माझ्या जागी आलेली मुलगी त्यावर बघून जाते. साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी चूक झाकली नाही आणि मला कोपऱ्यातही बसवलं नाही. सावंतांचेही आहेत. ते माझ्या बाजूने चुकीचं बोलत होते, पण माझ्या बाजूने बोलत होते. सगळ्यात जास्त सुरेखाचे आहेत. ती बोलली नसती तर कदाचित मी नळी न काढताच परतले असते.

तन्वी बरी होऊन घरी आली. बाकीची माणसंही बरी झाली. हे नशीब, माझं कर्तृत्व नाही. नवा पाइप बसल्यावर दोनदा नमुने घेतले, दोन्ही वेळा सगळी घरं योग्य. दुसरा कागद आला त्या दिवशी मी सुरेखाकडे गेले. सांगायला जायचं असा नियम नव्हता.

मी म्हटलं, "पाणी चांगलं झालं. आता न उकळता प्यायला हरकत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही प्या आधी."

मी तिच्या नळाखाली पेला धरला आणि तिच्यासमोर प्यायले. तिने पेला माझ्या हातातून घेतला, विसळला. मग भरलेलं पातेलं उचलून गॅसवर ठेवलं.

"राग मानू नका ताई. पण मी उकळणार."

मी म्हटलं, "उकळ."

पुढे दीड वर्ष मी त्या गल्लीत पाळीपाळीने सगळ्या घरी गेले. सुरेखाच्या घराचा नंबर आला की ती नळ स्वतः काढून द्यायची, तेवढं ती शिकली होती. पाना तिनेच आणून ठेवला होता. गॅसवर पातेलं प्रत्येक वेळी असायचं. मी त्याबद्दल कधी बोलले नाही.

एकदा तिच्याकडे मी बाटली भरून कागद बांधत होते. तन्वी शाळेतून आली. दप्तर टाकलं, माझ्या बाजूने वाकून नळ सोडला, ओंजळ धरली आणि पाणी प्यायली. मी सुरेखाकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिनेही पाहिलं होतं. पोरीला हाक मारायला तिने तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि मेथीची पुढची जुडी हातात घेतली.